बीलबाईंच्या शाळेत पंडिताबाई

ग्लॉस्टरशायर परगण्यातले चेल्टनहॅम हे गाव एके काळी पाण्यासाठी नावाजलेले होते. तिथल्या झऱ्यांचे खारट पाणी पोटाच्या दुखण्यावर गुणकारी, असा लौकिक असल्यामुळे विलायतेतील बडी मंडळी हवापालटासाठी तिकडे जात. खुद्द राजा तिसरा जॉर्ज १७८८ साली तेथे पाणी पिऊन आला होता. पुढे पाण्याची मातबरी ओसरली आणि गावाला वेगळेच रहिवासी मिळाले. हिंदुस्थानात कलेक्टरी, कर्नली नाहीतर जज्जी करून पेन्शनीत निघालेला साहेब मायदेशी परतला की त्याला चेल्टनहॅम मानवे. अशा लोकांच्या मुलग्यांसाठी १८४१ साली तेथे कॉलेज निघाले. मुलींसाठी निघायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. १८५४ च्या फेब्रुवारीत ८२ मुलींनिशी चेल्टनहॅम लेडीज कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेजचे असले तरी ती शाळाच. मुली गावातून येत, लांबच्या असल्या तर शाळेच्या वसतिगृहांत राहत. आज तेथे देशोदेशीच्या मुली शिकायला येतात. त्या काळी मात्र इंग्लंडबाहेरचा जो देश त्या शाळेच्या खरोखर घरोब्यातला होता, तो म्हणजे आपलाच. कुणाचे वडील मद्रासेस, कुणाचे पंजाबात. हिंदुस्थानचे राज्य चालवणाऱ्यांच्या लेकी तेथे भूगोल घोकीत होत्या.

अशा या शाळेत १८८४ च्या सप्टेंबरात हिंदुस्थानातूनच आलेली एक विधवा बाई दाखल झाली. वय वर्षे सव्वीस. पदरी तीन वर्षांची मुलगी. संस्कृतातले श्लोक हजारांनी मुखोद्गत, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या दोन पदव्या नावामागे. पण शाळा म्हणून जिला म्हणतात तिची पायरी ती बाई जन्मात प्रथमच चढत होती. आणि चढली ती एकाच वेळी विद्यार्थिनी म्हणून व शिक्षिका म्हणून. संस्कृत शिकवायचे, आणि उरल्या वेळात इंग्रजी, गणित, सृष्टिशास्त्र आपण शिकायचे, असा तो करार होता.

पंडिता रमाबाईंची हकीकत आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असे आपण समजतो. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून शास्त्रीबोवांना पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला होता. गंगामुळाच्या रानात त्यांनी बिऱ्हाड केले, आणि तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. त्यांना शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटेच्या अंधारात कामाला हात लागण्यापूर्वी. पुढे दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घातला, कलकत्त्यास कीर्ती झाली, भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत तेही गेले. १८८२ साली त्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून विलायतेचे भाडे भरून १८८३ साली बोटीत बसल्या. जायचे कशासाठी? तर वैद्यक शिकण्यासाठी. आपल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडीत नाहीत आणि औषधावाचून मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पुण्यात पंचहौदाजवळ ज्यांचे मिशन होते, त्या सेंट मेरी द व्हर्जिन पंथाच्या भगिनींचा मूळ मठ इंग्लंडात वाँटेज या गावी. तेथे राहायचे, हिंदुस्थानात जाणार असलेल्या भगिनींना मराठी शिकवायची आणि मोबदल्यात इंग्रजी शिकायची असे ठरले होते. धर्म बदलणार नाही, असे रमाबाई पुण्याहून निघताना सांगून निघाल्या होत्या. पण त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजच्या चर्चमध्ये माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात एकच गहजब झाला. त्याच्या थोडे आधी फार वाईट गोष्ट घडली होती. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने परक्या मुलखात, आपल्याला बळेच बाटवतील या धास्तीने, जीव दिला होता. या धक्क्याने रमाबाईंची काय अवस्था झाली, ते मॅक्सम्युलरने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ऑक्सफर्डला त्याच्या घरी त्या पाहुण्या म्हणून राहिल्या तेव्हा रात्री एकटे निजणे त्यांना शक्य नसे. मोलकरणीला त्यांच्या खोलीत निजवावे लागे. त्यात कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले, आणि वैद्यकाचा मार्ग बंद झाला. राहिली ती शिक्षिकेची वाट. त्या वाटेने त्या चेल्टनहॅमला आल्या.

आता त्या शाळेविषयी. डोरोथिया बील ही तिची मुख्याध्यापिका. १८५८ साली, म्हणजे रमाबाई गंगामुळाच्या रानात जन्मल्या त्याच वर्षी, बीलबाई चेल्टनहॅमला रुजू झाल्या. त्या आल्या तेव्हा मुलींची संख्या सत्तरीच्याही आत आली होती, आणि शाळा मिटते की काय अशी वेळ होती. पुढे १९०६ साली मरेपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षे, त्यांनी ती शाळा सोडली नाही. लग्न केले नाही. साठी उलटल्यावर तीनचाकी सायकल चालवायला शिकल्या आणि ग्लॉस्टरशायरच्या रस्त्यांवरून हिंडू लागल्या, एवढीच काय ती चैन.

मुलींना भूमिती शिकवली तर काय होते? इंग्लंडातल्या बापांचे तेव्हाचे मत असे होते की त्याने मुली बिघडतात, निदान त्यांची लग्ने अडतात. बीलबाई स्वतः गणितात तरबेज, पण पहिल्या वर्षी त्यांनी युक्लिडचे नाव काढले नाही. ते काढले असते तर तेवढ्यानेच शाळा बंद पडली असती, असे त्यांनी पुढे सांगितले. विज्ञान शिकवायचे तर त्यालाही बापांची हरकत. म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले प्राकृतिक भूगोल. मुलगे भूगोल फारसे शिकत नसत, तेव्हा ही काही पुरुषी विद्या नव्हे असे समजून बाप गप्प बसले. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाची सुरुवात करणाऱ्यांनी शिवण आणि स्वयंपाक यांच्या पदराआड काय काय शिकवले, ते आठवले म्हणजे या युक्तीचे हसू येत नाही. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडत होते त्या काळात इंग्लंडातली शिक्षिका नाव बदलून विज्ञान शिकवीत होती. फरक शेणाचा, आणि तो लहान नव्हे, हे खरे. पण मुलीच्या डोक्याची भीती दोन्हीकडे तीच.

शिस्त मात्र मोठी कडक. त्या शाळेत मुलींनी आपसांत बोलायचे नाही, असा नियमच होता. वर्गात नाही, जिन्यावर नाही, दालनातून जाताना नाही. बोलायचे झाले तर बाईंची परवानगी काढायची. शेकडो मुली एका इमारतीत वावरत आहेत आणि पावलांखेरीज आवाज नाही! वर्गात खडू धरणाऱ्या कुणालाही हे ऐकून एकदम हेवा वाटेल, आणि मग थोड्या वेळाने भय वाटेल. मुख्य अभ्यास सगळा सकाळी उरकायचा. दुपार संगीत, चित्रकला आणि मोकळ्या हवेसाठी. बक्षिसांची चढाओढ बीलबाईंना मुळीच खपत नसे. एका मुलीने दुसरीला मागे टाकण्यासाठी शिकावे, यात त्यांना शिक्षणच दिसत नव्हते. खेळांबद्दलही तेच. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात, ती खरी असो वा नसो, स्वभावाला धरून आहे: मुलींचा हॉकीचा सामना त्यांनी पहिल्यांदा पाहिला, आणि एका चेंडूमागे एवढ्या मुली धावत आहेत हे पाहून त्या म्हणाल्या, अरे, त्यांना आणखी चेंडू आणून द्या!

एक गोष्ट मात्र बीलबाईंच्या चरित्रात आपल्याला खटकल्यावाचून राहत नाही. या शाळेत प्रवेश मिळे तो ‘जंटलमन’च्या मुलींना. दुकानदाराची मुलगी, मग बाप कितीही पैसेवाला असो, तिला दार बंद. त्यावर रीतसर नियम होता. जातिभेदाबद्दल हिंदुस्थानला उपदेश करणाऱ्या देशातली ही सर्वांत पुढारलेली मुलींची शाळा! रमाबाईंना हे कळले नसेल असे नाही. आणखी एक विसंगती अशी: कलकत्ता विश्वविद्यालयाने १८८३ सालीच दोन बंगाली मुलींना बी.ए.ची पदवी दिली होती. ऑक्सफर्डने बायकांना पदवी दिली १९२० साली, आणि केंब्रिजने १९४८ साली, म्हणजे आपल्याला स्वराज्य मिळाल्यानंतर.

रमाबाईंचे त्या शाळेत शिकणे चांगले चालले. गणिताची गोडी लागली, इंग्रजी झपाट्याने सुधारले, ग्रीकशी ओळख झाली. बीलबाईंनी त्यांना ओळखले होते. ही बाई नुसती होकारार्थी मान डोलवणाऱ्यांतली नाही, हिचे वादविवादात आयुष्य गेलेले आहे, हिला ख्रिस्ती धर्म समजावायचा तर तो तत्त्वज्ञानाच्या अंगाने समजावला पाहिजे, असे त्यांनी वाँटेजच्या भगिनींना परोपरीने सांगितले. याला कारणही होते. दोन-तीन वर्षांपूर्वीच बीलबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेला जबर तडा गेला होता आणि त्यातून त्या मोठ्या कष्टाने सावरल्या होत्या. ज्याला शंकेने कधी जागवले नाही त्याला दुसऱ्याची शंका पाखंड वाटते. बीलबाईंना ती वाटली नाही.

तिकडे वाँटेजला सिस्टर जेराल्डीन होत्या. पुण्यापासून त्यांची ओळख. बाप्तिस्म्यानंतर त्याच रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई आणि छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, आणि इंग्रजी पत्रांच्या मायन्यातही हे आपले मराठी ‘आजीबाई’ तसेच येते. या आजीबाईंचा दोघींवर जीव होता यात शंका नाही. पण मुलगी बोट सोडून चालू लागली की जिवाच्या माणसांनाच अधिक लागते. हा सगळा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून, जुळवून ठेवला, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली छापला. तो वाचताना कळते की चेल्टनहॅमच्या त्या दीड वर्षात खरा अभ्यास गणिताचा नव्हताच. दुसऱ्याच्या दारी शिकायला गेलेल्या माणसाने त्या घरचे किती घ्यावे, आणि आपले किती टाकून द्यावे, हा तो अभ्यास होता. आणि त्यात विद्यार्थिनी कोण व गुरू कोण हे सांगणे सोपे नाही.

सुरुवात जेवणापासून. रमाबाई मांस खात नव्हत्या, मासळी खात नव्हत्या, अंडेसुद्धा खात नव्हत्या. इंग्रजी स्वयंपाकात अंडे कुठे नसते? पुडिंगात अंडे, केकमध्ये अंडे. ताटातले पदार्थ बाजूला सरत. आजीबाईंना यात जुना ब्राह्मणी अहंकार दिसू लागला. ख्रिस्ती झाल्यावर हे सोवळे कशाला? त्यांनी तसे लिहिलेही. रमाबाईंचे उत्तर मोठे झणझणीत आहे. माझा अहंकार तुम्हाला पुडिंगात आणि अंड्यात सापडत असेल तर खुशाल शोधा, अशा अर्थाचे. आणि पुढे असे की, मी हिंदू आहे, हिंदू म्हणवून घ्यायला मला आवडते, माझ्या पूर्वजांच्या ज्या रीती माझ्या धर्माच्या आड येत नाहीत त्या मी शक्य तेवढ्या पाळणार. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही आणि जीभही बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे.

या वादाच्या शेजारी एक दुसरे चित्र ठेवून पाहावे. १८९० साली, पुण्याच्या त्याच पंचहौद मिशनमध्ये, गोपाळराव जोश्यांच्या खटपटीने गावातली काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली आणि पुढे आलेला चहा घेतला. रानडे होते, टिळक होते. गोपाळरावांनी नावे वर्तमानपत्रांत छापवून आणली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचे प्रकरण वर्षानुवर्षे चघळले गेले. चहा प्याला म्हणून पुण्यात बहिष्कार, आणि अंडे खाल्ले नाही म्हणून वाँटेजला ठपका. दोन्हीकडे मिळून माणसाची परीक्षा पेल्यात आणि ताटात.

त्यानंतर क्रुसाचे प्रकरण झाले. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिनमध्ये काही शब्द कोरायचे, अशी तिकडची रीत. रमाबाईंनी हट्ट धरला की कोरायचेच तर संस्कृतात कोरा. मला लॅटिन येत नाही, माझ्या देशाच्या लोकांना येत नाही. न कळणारे शब्द मी गळ्यात का बांधावे? आणि त्यांनी आजीबाईंना सरळ विचारले की, ब्राह्मणांना संस्कृत ही देवाची भाषा वाटते, तसे तुम्हाला लॅटिनबद्दल वाटते की काय? या प्रश्नाला जबाब नव्हता. हे वाचताना मला आमची मनोरी आठवते. मार्व्याच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडून आलात की वाटेत क्रूस दिसतात, आणि त्यांची पूजा करणारी आमची ईस्ट इंडियन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आली आहेत. लग्नातली त्यांची गाणी मराठी, भांडणे मराठी. पण चर्चमधली मुख्य प्रार्थना १९६० नंतरच्या दशकापर्यंत लॅटिन! व्हॅटिकनच्या परिषदेने लोकांच्या भाषेत प्रार्थना करायला मोकळीक दिली तेव्हा रमाबाईंच्या त्या पत्राला ऐंशीच्या घरात वर्षे झाली होती. रमाबाई प्रॉटेस्टंट मंडळीत होत्या आणि मनोरीचे लोक रोमन, हा भेद मी विसरलेलो नाही. पण न कळणाऱ्या भाषेत पवित्र वाटणारे शब्द, हा प्रकार सगळ्या धर्मांच्या सोयीचा असतो.

खरी ठिणगी पडली ती पुढच्या गोष्टीवरून. हिंदुस्थानात नोकरीवर जाणाऱ्या तरुण इंग्रजांना तिकडच्या भाषा शिकाव्या लागत. चेल्टनहॅमला पंडिता आहेच, तर तिने काही तरुणांनाही शिकवावे, असा विचार निघाला. बीलबाईंना त्यात वावगे दिसले नाही. रमाबाईंना तर नाहीच नाही. पण मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिची बदनामी होईल, तिच्या हातून पुढे काही कार्य होणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

रमाबाईंचा संताप उतू गेला तो येथे. ज्यांना आपण मागासलेले म्हणता त्या माझ्या वडिलांनी माझ्या आईला पुरुषांना शिकवण्यास कधी मनाई केली नाही. माझ्या पतीने मला केली नाही. कलकत्त्यास मी भर सभेत पंडितांपुढे बोलले. आणि इंग्लंडासारख्या स्वतंत्र देशात मला कोण सांगते की हे करू नको? मला विचारल्यावाचून माझ्याविषयी ठराव होतात हे मला चालणार नाही. मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, आणि माझा निवाडा मी स्वतः करीन. मोडक्या-तोडक्या इंग्रजीत नव्हे, तर बीलबाईंच्या शाळेत कमावलेल्या स्वच्छ इंग्रजीत हे लिहिले आहे. शाळेने भाषा दिली, आणि विद्यार्थिनीने ती शाळेच्या आश्रयदात्यांविरुद्ध वापरली. शाळेचा याहून चांगला निकाल लागत नाही.

बिशपांच्या बाजूने एक शब्द बोलला पाहिजे. त्यांना हिंदुस्थानातील लोकांची जीभ ठाऊक होती. पुण्यातील वर्तमानपत्रे रमाबाईंबद्दल काय काय लिहीत होती ते पाहिले तर त्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. पण कुणाच्या जिभेच्या भीतीने कुणाचे तोंड बंद करायचे, हा प्रश्न राहतोच. आणि तरुणांना शिकवण्याचा तो बेत शेवटी राहिलाच.

मनोरमेवरूनही ओढाताण झाली. पोर लाघवी, मठातल्या भगिनींची लाडकी. तिला प्रार्थना कोणत्या शिकवायच्या, धर्माची कोणती तत्त्वे तिच्या गळी उतरवायची, हे ठरवणार कोण? त्रैक्याचे तत्त्व रमाबाईंना अजून पटले नव्हते. जे आईला पटले नाही ते मुलीला शिकवू नका, असा त्यांचा आग्रह. आजीबाईंच्या दृष्टीने ही आई पोरीच्या आत्म्याशी खेळत होती. येथे मला दोघींचीही कणव येते. पण तीन-चार वर्षांच्या मुलीला काय शिकवायचे हे तिच्या आईला विचारावे की नाही, एवढाच तो मुद्दा. आणि त्यात रमाबाई तसूभर हटल्या नाहीत.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या चेल्टनहॅम सोडून अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६ च्या त्या पदवीदान समारंभाला हजर राहायचे आणि परत यायचे, असा बेत होता. परत येणे काही महिन्यांचे पावणेतीन वर्षांवर गेले, आणि परतल्या त्या इंग्लंडास नव्हे, मुंबईस. तेवढ्या काळात त्यांनी फिलाडेल्फियास बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, अमेरिकाभर व्याख्याने दिली, आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. बॉस्टनला तेवढ्यासाठी मंडळ स्थापन झाले.

शारदा सदन मुंबईत चौपाटीजवळ उघडले ते ११ मार्च १८८९ रोजी. तारीख पाहा, आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच. आनंदीबाई तोवर या जगात नव्हत्या. उद्घाटनाच्या सभेला अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आणि आपल्या सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. या सदनाचे नियम मला मोठे बोलके वाटतात. स्वयंपाक ब्राह्मणाच्या हातचा. ज्यांना सोवळे पाळायचे त्यांनी पाळावे, उपासतापास करावे, तुळशीला पाणी घालावे. कुणाला धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. ज्या बाईला पुडिंगातल्या अंड्यावरून बोलणी खावी लागली, तिने आपल्या मुलींच्या ताटाला हात लावला नाही. तिथल्या शिक्षणात फ्रोबेलचा वाटा होता तसा बीलबाईंचाही होता. पण हा नियम कुणाकडून उसना आणलेला नव्हता. तो सोसून आलेला होता.

मात्र रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यांना हाकलावे का? रमाबाई म्हणाल्या, मी कुणाला बोलावीत नाही आणि कुणाला घालवीत नाही. सदन तोवर पुण्यास गेले होते. ‘केसरी’ने तोफ डागली, १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. काढून नेल्या म्हणजे कुठे, तर ज्या घरांतल्या माजघराच्या अंधारातून त्या बाहेर आल्या होत्या तेथेच. रमाबाईंचा दोष होता का? त्या दाराबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच दिसते की वाँटेजला मनोरमेच्या प्रार्थनेबद्दल आईच्या बाजूने भांडलेली बाई आता आजीबाईंच्या जागी येऊन बसली होती, आणि समोर दुसऱ्यांच्या मुली होत्या. तेथे त्यांनी दार लावून घेतले असते तर आपल्याच चेल्टनहॅमच्या पत्रांना त्या जागल्या असत्या, असे वाटते. पण लावलेल्या दाराआड प्रार्थना करायला सांगणे म्हणजे बिशपांचेच ऐकणे, हेही तितकेच खरे.

बीलबाईंशी त्यांचे संबंध तुटले नाहीत. आजीबाईंशीही नाहीत, रुसवेफुगवे होऊनही पत्रे चालू राहिली. मनोरमेला रमाबाईंनी पुढे परदेशी शाळेत धाडले, तेही अमेरिकेत, न्यूयॉर्क प्रांतातल्या एका लहानशा विद्यालयात. शिकून ती परत आली, आईच्या कामाला लागली, आणि १९२१ साली आईच्या आधी गेली.

चेल्टनहॅमला सुरू झालेल्या ग्रीकचा उपयोग व्हायला वीस वर्षे लागली. केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि अखेरची कित्येक वर्षे त्यात घातली. तोवरचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झाले होते; रानातून, दुष्काळातून आलेल्या बायकांना ते कळेना. तेव्हा क्रुसावर संस्कृत हवे म्हणून भांडलेल्या या पंडितेने स्वतःच्या हाताने संस्कृत शब्द गाळले आणि कुणब्याच्या बाईला कळेल अशी भाषा घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ते छापले गेले मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवायला होत्या तिथल्याच मुली, ज्यांतल्या कितीतरी जणींना केडगावला येण्यापूर्वी अक्षर ओळखता येत नव्हते.